परदेशी विमान कंपनीची नोकरी कशी तोलावी: नव्या वैमानिकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

माझ्या पहिल्या परदेशी नियुक्तीपत्राला सतरा पाने होती. पगाराचा तक्ता तिसऱ्या पानावर होता आणि तो मी इतक्या वेळा वाचला की आकडे तोंडपाठ झाले. टाइप रेटिंगच्या (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेच्या) बॉण्डचे, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत देण्याच्या हमीचे, कलम अकराव्या पानावर होते. ते मी एकदा वाचले आणि समजले असे धरून चाललो. बॉण्ड ३६ महिन्यांचा होता. मी ३८ महिने पूर्ण करून राजीनामा दिला, तेव्हा कंपनीने दाखवून दिले की मुदत रुजू झाल्याच्या तारखेपासून नव्हे, तर प्रशिक्षण संपवून अंतिम लाइन चेक (प्रत्यक्ष उड्डाणातील चाचणी) उत्तीर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजायची होती. प्रशिक्षणाला ७ महिने लागले होते, त्यामुळे अजून ५ महिने शिल्लक होते, आणि बॉण्डच्या रकमेचा एक तृतीयांश भाग अखेरच्या हिशेबातून कापला गेला. कंपनी कलमाप्रमाणेच वागली होती. पगार नोकरीत शिरताना दिसतो, आणि नोकरीची खरी किंमत बाहेर पडताना कळते, ही गोष्ट मला तेव्हा उमगली. नव्याने परदेशी जाऊ पाहणाऱ्या वैमानिकाने प्रत्येक प्रस्ताव ‘हा करार संपेल त्या दिवशी माझ्या हातात काय उरेल’ या एका प्रश्नाने तपासावा, असे मला मनापासून वाटते, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: नोकरीचा प्रकार ओळखा

‘परदेशी वैमानिक’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या नोकऱ्या येतात, आणि त्यांच्या पगारांची थेट तुलना करणे चूक आहे.

पहिला प्रकार निवासी बेसचा, म्हणजे ज्या शहरातून तुमची उड्डाणे सुरू होतात तिथेच राहण्याचा. तुम्ही कुटुंबासह त्या देशात राहायला जाता, कंपनी घर किंवा घरभाडे देते, मुलांच्या शाळेचा काही खर्च उचलते आणि तुम्ही तिचे कायम कर्मचारी असता. दुबईची एमिरेट्स, दोह्याची कतार एअरवेज, अबू धाबीची इतिहाद या कंपन्यांचा पाया मुख्यतः याच पद्धतीवर उभा आहे. दुसरा प्रकार ठरावीक मुदतीच्या कंत्राटाचा. यात तुमचा करार बहुधा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीशी असतो, काही आठवडे काम आणि काही आठवडे घरी अशी पाळी असते, आणि कुटुंब मायदेशीच राहते. चिनी कंपन्यांनी २०१० ते २०१९ या दशकात अनुभवी कॅप्टनांना याच पद्धतीने मोठ्या संख्येने बोलावले आणि त्यांना वर्षाला ३ लाख डॉलरच्या आसपास जाणारे प्रस्ताव दिले. तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या देशातील कंपनीत तिथल्या स्थानिक वैमानिकांच्याच सिनिऑरिटी (सेवाज्येष्ठता) यादीत, त्यांच्याच अटींवर, सर्वांत खालून सुरुवात करणे. यात सुरुवातीचा पगार कमी वाटतो, परंतु कायदेशीर संरक्षण आणि स्थैर्य सर्वांत जास्त असते.

नियुक्तीपत्रावर सही कोणाची आहे, हे सर्वांत आधी पाहा. विमान कंपनीची सही नसून एजन्सीची असेल, तर पगार थकल्यावर दाद कोणाकडे मागायची, कोणत्या देशाचा कायदा लागू होईल आणि आजारपणात पगार मिळेल का, या तीनही प्रश्नांची उत्तरे वेगळी असतात. नोकरी मिळवून देण्यासाठी वैमानिकाकडूनच पैसे मागणाऱ्या मध्यस्थाशी व्यवहार करू नये. प्रतिष्ठित एजन्सीला तिचे शुल्क विमान कंपनी देते.

दुसरी पायरी: लायसन्स आणि वैद्यकीय पात्रता

१९४४ च्या शिकागो कराराच्या ३२ व्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाकडे विमानाची नोंदणी ज्या देशात आहे त्या देशाने दिलेले किंवा ग्राह्य ठरवलेले लायसन्स असावे लागते. त्यामुळे तुमचे मूळ लायसन्स कितीही वजनदार असले तरी नव्या देशाचे प्राधिकरण त्यावर एकतर तात्पुरता मान्यतेचा शिक्का देते किंवा स्वतःचे लायसन्स काढायला लावते. मान्यता मूळ लायसन्सवर टेकलेली असते. मूळ लायसन्स संपले की तीही संपते. नवे लायसन्स काढायचे असल्यास लेखी परीक्षा द्याव्या लागतात. युरोपीय एटीपीएलसाठी (विमान कंपनीच्या वैमानिकाच्या सर्वोच्च लायसन्ससाठी) अशा १३ परीक्षा आहेत. ब्रिटन युरोपीय व्यवस्थेतून बाहेर पडल्यावर, २०२१ च्या आरंभापासून, ब्रिटिश लायसन्सवर युरोपीय संघातील नोंदणीची विमाने उडवता येईनाशी झाली आणि अनेकांना दुसरे लायसन्स जवळ बाळगावे लागले. लायसन्सची किंमत राजकारणाने रातोरात बदलू शकते, याचे ते ठळक उदाहरण आहे.

वैद्यकीय तपासणीबाबत एक सावधगिरी. तुमच्याकडे आधीच वर्ग १ चे (व्यावसायिक वैमानिकाला लागणारे वैद्यकीय) प्रमाणपत्र आहे म्हणून नव्या देशाची तपासणी औपचारिकता आहे असे मानू नका. काही प्राधिकरणांचे निकष, विशेषतः चीनचे, बरेच कडक आहेत, आणि तिथे अपात्र ठरल्याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात तुम्हाला सांगावी लागते. म्हणून जुनी नोकरी सोडण्यापूर्वीच ही तपासणी पार पाडावी.

तिसरी पायरी: पगार सोडवून पाहा

पगार हा एकच आकडा नसतो. मूळ वेतन, उड्डाण तासांवरील भत्ता, घरभाडे, शिक्षण भत्ता, परगावच्या मुक्कामाचा दैनिक भत्ता, भविष्य निर्वाह निधी आणि सेवासमाप्तीची रक्कम हे सगळे वेगळे करून कागदावर मांडा. जाहिरातीत या सर्वांची बेरीज ‘एकूण पॅकेज’ म्हणून दिलेली असते, पण आजारी पडल्यावर, रजेवर असताना किंवा विमाने जमिनीवर उभी राहिल्यावर बहुधा मूळ वेतनाचीच खात्री असते. म्हणून एकूण रकमेत मूळ वेतनाचे प्रमाण किती, हा माझ्या दृष्टीने पॅकेजच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आकडा आहे. २०२० मध्ये उड्डाणे थांबली तेव्हा ज्यांचे निम्मे उत्पन्न तासांवर अवलंबून होते, त्यांचे घर एका महिन्यात हलले.

तासांचा हिशेबही नीट विचारावा. ब्लॉक तास म्हणजे विमान पार्किंगच्या जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ. करारात ‘महिन्याला ७० तास समाविष्ट’ असे लिहिले असेल, तर त्यापुढच्या तासालाच जादा पैसे मिळतात, आणि ते ७० तास रजेच्या महिन्यात प्रमाणात कमी होतात की तसेच राहतात, हे विचारणे आवश्यक आहे. तसेच राहत असतील, तर १५ दिवस रजा घेतलेल्या महिन्यात जादा तासांचे उत्पन्न जवळजवळ शून्यावर येते, म्हणजे रजेची किंमत तुम्हीच मोजता. स्टँडबायचे (बोलावणे येईल म्हणून तयार राहण्याचे) तास, सिम्युलेटरचे दिवस आणि प्रवासी म्हणून दुसऱ्या ठिकाणी नेले जाते तो वेळ किती मोजतात, हेही लेखी घ्यावे.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, दोन प्रस्ताव आहेत. पहिला निवासी बेसचा, महिन्याला ११,००० डॉलर, उत्पन्नावर कर नाही, घर कंपनीचे. दुसरा कंत्राटाचा, महिन्याला १४,००० डॉलर, २० दिवस काम आणि १० दिवस घरी. दुसरा वर्षाला ३६,००० डॉलरनी मोठा दिसतो. आता खर्च लिहा. दुसऱ्यात वर्षाचे १,६८,००० डॉलर; कुटुंब मायदेशी असल्याने तिथे कर लागला आणि तो सरासरी २५ टक्के धरला, तर ४२,००० गेले. कामाच्या ठिकाणच्या खोलीचे महिन्याला १,२०० प्रमाणे १४,४०० गेले. आरोग्य विमा, लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा विमा आणि निवृत्तीसाठी स्वतः बाजूला टाकायची रक्कम मिळून १५,६०० गेले. उरले ९६,०००. पहिल्यात वर्षाचे १,३२,०००. शाळेच्या शुल्कातील स्वतःचा वाटा ६,००० गेला, आणि जोडीदाराला मायदेशची नोकरी सोडावी लागल्याने २४,००० चे उत्पन्न बुडाले. उरले १,०२,०००. शिवाय कायद्याने मिळणारी सेवासमाप्तीची रक्कम वेगळी. हा निकाल सर्वांना लागू नाही. जोडीदाराचे उत्पन्न दुप्पट असते तर पारडे उलटे फिरले असते. स्वतःचे आकडे घालून हा तक्ता कागदावर केल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावाला मोठा किंवा लहान म्हणू नये, इतकेच मला सांगायचे आहे.

सेवासमाप्तीच्या रकमेचे एक उदाहरण उपयोगी पडेल. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षामागे ३० दिवसांचे वेतन मिळते, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त होत नाही. हे वेतन म्हणजे मूळ वेतन. भत्ते त्यात धरत नाहीत. मूळ वेतन ७,००० डॉलर असेल तर पहिल्या ५ वर्षांत दरसाल सुमारे ४,९०० डॉलर जमा होतात. भत्त्यांवर फुगवलेल्या पॅकेजचा तोटा इथे पुन्हा दिसतो.

पगाराचे चलनही पाहावे. अमिरातीचा दिरहम एका डॉलरला ३.६७२५ या दराने डॉलरशी बांधलेला आहे आणि हाँगकाँगचा डॉलर ७.७५ ते ७.८५ या पट्ट्यात राहतो. तुमचे गृहकर्ज दुसऱ्या चलनात असेल, तर डॉलर घसरल्यावर पगार न बदलताही तुमचा हप्ता महाग होतो.

चौथी पायरी: ‘करमुक्त’ या शब्दाची तपासणी

अमिराती आणि कतार येथे पगारावर वैयक्तिक आयकर नाही, हे खरे आहे. ओमानने मात्र मोठ्या उत्पन्नांवर २०२८ पासून आयकर लावण्याचा कायदा केला आहे, त्यामुळे आजची स्थिती तुमच्या संपूर्ण कारकिर्दीत टिकेल असे गृहीत धरू नये. त्याहून मोठा प्रश्न तुमच्या मायदेशाचा आहे. तुम्ही कुठे उडता यापेक्षा तुम्ही कोणत्या देशाचे कर-रहिवासी आहात यावर कर ठरतो. अनेक देश वर्षातील वास्तव्याचे दिवस मोजतात, काही देश घर आणि कुटुंब कुठे आहे हे पाहतात, आणि अमेरिका तर आपल्या नागरिकांना जगात कुठेही राहिले तरी कराच्या कक्षेत ठेवते.

वैमानिकांसाठी यात एक खास गुंतागुंत आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या नमुना कर-करारात आंतरराष्ट्रीय विमानांवरील कर्मचाऱ्यांच्या पगाराचे वेगळे कलम आहे. पूर्वी त्यानुसार विमान कंपनीचे प्रत्यक्ष व्यवस्थापन ज्या देशात असेल त्या देशाला कर आकारता येत असे. २०१७ च्या सुधारणेनंतर हा अधिकार कर्मचाऱ्याच्या निवासाच्या देशाकडे गेला. प्रत्यक्षातील करार मात्र देशागणिक वेगळे आहेत आणि त्यांतील पुष्कळसे २०१७ च्या आधीचे आहेत. म्हणून तुमच्या दोन देशांमधील कराराचे नेमके कलम एखाद्या कर-सल्लागाराकडून तपासून घ्या आणि त्याचे मत लेखी मागा. सहकाऱ्याचा सल्ला कितीही चांगल्या मनाने दिलेला असला तरी त्याचे नागरिकत्व, कुटुंब आणि घर तुमच्यासारखे नसते.

पाचवी पायरी: रोस्टर (कामाचे वेळापत्रक) वाचायला शिका

मुलाखतीनंतर प्रश्न विचारण्याची संधी मिळते तेव्हा बहुतेक उमेदवार महिन्याला किती सुट्या मिळतात असे विचारतात आणि ‘८ ते १०’ असे उत्तर घेऊन परततात. या उत्तरातून फारसे काही कळत नाही. त्याऐवजी तिथे सध्या काम करणाऱ्या एखाद्या वैमानिकाकडून सलग तीन महिन्यांची प्रत्यक्ष उडालेली रोस्टरे मिळवा. छापलेली रोस्टरे नव्हेत, कारण महिनाभरात ती बरीच बदललेली असतात.

अशा एका रोस्टरमधील चार दिवस जवळून पाहू. सोमवारी ‘मोकळा दिवस’ लिहिले आहे. मंगळवारी रात्री ०१:३० ला हजर व्हायचे आहे, म्हणजे सोमवारची संध्याकाळ झोपेच्या प्रयत्नात गेली. रात्र उडण्यात गेली, स्थानिक दुपारी हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून पाच तास झोप झाली, आणि मध्यरात्री टक्क जाग आली. बुधवारी परतीचे उड्डाण, गुरुवारी पहाटे ५ वाजता बेसवर आगमन, आणि रोस्टरवर गुरुवार विश्रांतीचा म्हणून दाखवलेला. घरी पोहोचेपर्यंत मुले शाळेत निघून गेलेली असतात. कागदावर चार दिवसांत दोन दिवस तुमचे दिसतात. घरच्यांच्या वाट्याला एक संध्याकाळ येते. मी स्वतः एका तिमाहीत अशी मोजणी केली होती. किती रात्री मी स्वतःच्या बिछान्यात, रात्रीच्याच वेळी, सहा तासांपेक्षा जास्त झोपलो, हे रोजच्या रोज भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपले, आणि त्या एका आकड्याने मला बेस बदलण्याचा निर्णय घ्यायला लावला.

कायदेशीर मर्यादा काय सांगतात तेही समजून घ्यावे. युरोपीय नियमांत सलग २८ दिवसांत १०० तास, कॅलेंडर वर्षात ९०० तास आणि सलग १२ महिन्यांत १,००० तास अशी उड्डाणाची कमाल मर्यादा आहे. त्याच नियमांत साप्ताहिक विश्रांती किमान ३६ तासांची, त्यात दोन स्थानिक रात्री, आणि अशा दोन विश्रांतींमध्ये जास्तीत जास्त १६८ तास, अशी अट आहे. नियमाने दिलीच पाहिजे अशी ही विश्रांती कंपनी रोस्टरवर ‘सुटी’ म्हणून मोजते का, हे विचारा. मर्यादा ही सुरक्षिततेची शेवटची कड आहे. वर्षानुवर्षे त्या कडेवर उडवणारी कंपनी आणि ६५० ते ७५० तासांवर थांबणारी कंपनी यांच्यात तुमच्या प्रकृतीच्या दृष्टीने मोठा फरक आहे, मग पगार सारखा का असेना. पहाटे २ ते ६ या काळात शरीराची जागरूकता सर्वांत कमी असते, आणि मध्यरात्रीच्या लाटेत उड्डाणे सोडणाऱ्या मोठ्या हबवर (कंपनीच्या मुख्य विमानतळावर) याच काळात काम सर्वांत जास्त असते.

छोट्या आणि मोठ्या विमानांचे जीवनही वेगळे आहे. ए३२० किंवा बोइंग ७३७ वर दिवसाला तीन-चार सेक्टर (एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणारी उड्डाणे), भरपूर उतरणी आणि बहुतेक रात्री घरी. बोइंग ७७७ किंवा ए३५० वर महिन्यातून मोजकी लांब उड्डाणे, तीन-चार वैमानिकांचा चमू, विमानातल्या बंकमध्ये आळीपाळीने झोप. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे उड्डाण १८ तासांच्या आसपासचे असते, आणि त्यातील विमान उतरवणे चौघांपैकी एकाच्याच वाट्याला येते. ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ उतरणी ही किमान अट पुरी करण्यासाठी लांब पल्ल्याच्या काही वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये जावे लागते. हाताने विमान उडवण्याची आवड असणाऱ्याने मोठ्या विमानाच्या रुबाबाकडे पाहताना हा भाग विसरू नये.

सहावी पायरी: घरच्यांचा प्रश्न

कुटुंबाचा व्हिसा बहुतेक ठिकाणी तुमच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक दिवसांत घर, शाळा आणि देश सोडावा लागतो, आणि मुलाचे परीक्षेचे वर्ष त्यासाठी थांबत नाही. म्हणून जोडीदाराला काम करण्याचा स्वतंत्र परवाना मिळतो का, शिक्षण भत्ता किती मुलांसाठी आणि कोणत्या वयापर्यंत आहे, शाळेचा अभ्यासक्रम परत आल्यावर मायदेशी चालेल का, आणि कायम वास्तव्याचा हक्क कधीतरी मिळतो का, ही माहिती करार वाचतानाच गोळा करा. हाँगकाँगमध्ये सामान्यतः ७ वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मागता येतो. आखाती देशांत नोकरीतून आपोआप असा हक्क निर्माण होत नाही. नेहमीची औषधे त्या देशात कायदेशीर आहेत का, हेही पाहावे; काही वेदनाशामक आणि मानसोपचाराची औषधे अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत.

निर्णय घेण्यापूर्वी दोघांनी मिळून तिथे एक आठवडा राहून यावे. भेटीचा वेळ प्रेक्षणीय स्थळांना देऊ नका. कंपनीची वसाहत, शाळा आणि रुग्णालय पाहा, आणि वैमानिक घरात नसताना तिथले जोडीदार दिवस कसा काढतात, हे त्यांच्याकडूनच ऐका. परदेशी नोकरी वेळेआधी सोडणारे जे सहकारी मी पाहिले, त्यांतले बहुतेक पगारासाठी नव्हे, घरासाठी परतले.

सातवी पायरी: पुढची दहा वर्षे

आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणात, एकापेक्षा अधिक वैमानिक असलेल्या विमानावर, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ६५ वर्षांची वयोमर्यादा ठेवली आहे. स्वतःचे वय त्यातून वजा करा आणि उरलेल्या वर्षांत हा करार कुठे बसतो ते पाहा. सिनिऑरिटीवर चालणाऱ्या कंपन्यांत अनुभव बरोबर नेता येत नाही. कंपनी बदलली की यादीत पुन्हा तळाशी. तिशीतील फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) हे परवडते. पंचेचाळिशीतल्या कॅप्टनने मायदेशची सिनिऑरिटी सोडून परदेशी जाणे म्हणजे बहुधा परत न येण्याचा निर्णय असतो, मग त्याने तसे म्हटलेले असो वा नसो. मायदेशची कंपनी दोन-तीन वर्षांची बिनपगारी रजा देऊन यादीतील जागा राखत असेल, तर पगारातील थोड्या फरकाने तिच्यावर पाणी सोडू नये.

फर्स्ट ऑफिसरने कमांड (कॅप्टनपद) किती वर्षांत मिळते हे विचारताना गेल्या दोन वर्षांत कॅप्टन झालेल्यांच्या रुजू होण्याच्या तारखा विचाराव्यात. भरती विभागाचा अंदाज विमानांच्या ऑर्डरवर बेतलेला असतो आणि ऑर्डर पुढे ढकलली जाते. काही देशांत स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे. सौदी अरेबियाने २०२३ पासून सहवैमानिकांच्या जागा आपल्या नागरिकांसाठी राखण्याचा निर्णय लागू केला. अशा ठिकाणी नोकरी चांगली असू शकते, पण ती किती काळाची आहे हे धोरणावर ठरते.

कोणते तास लॉगबुकमध्ये जमा होणार, हेही पाहावे. केवळ समतल उड्डाणात बसणाऱ्या सेकंड ऑफिसरचे (फर्स्ट ऑफिसरच्या खालच्या वैमानिकाचे) तास पुढच्या कंपन्या पूर्ण मोजत नाहीत. याउलट छोट्या विमानावर लवकर मिळालेली कमांड किंवा प्रशिक्षक म्हणून मिळालेले रेटिंग जगभर चालते. मी तरुण वैमानिकांना मोठ्या विमानाच्या उजव्या (सहवैमानिकाच्या) आसनापेक्षा छोट्या विमानाच्या डाव्या (कॅप्टनच्या) आसनाची वाट आधी धरायला सांगतो, कारण ५०० तासांची कमांड असलेल्याला नोकरी गेल्यावर दुसरे दार उघडते.

आठवी पायरी: बाहेर पडण्याची कलमे

आता अकरावे पान. नोकरी चार तऱ्हांनी संपते: तुम्ही सोडता, कंपनी काढते, वैद्यकीय प्रमाणपत्र जाते, किंवा कंपनीच बुडते. प्रत्येक शक्यता धरून करार पुन्हा पहिल्यापासून वाचा.

तुम्ही सोडणार असाल तर बॉण्ड कधी सुरू होतो आणि कसा घटतो, हे पाहा. ३०,००० डॉलरचा ३ वर्षांचा बॉण्ड दरमहा घटत असेल, तर २० महिन्यांनी १३,३३३ डॉलर देणे लागते; दरवर्षी घटत असेल, तर तेवढ्याच सेवेनंतर २०,००० डॉलर; आणि घटतच नसेल तर पूर्ण ३०,०००. बिनपगारी रजेचा काळ बॉण्डमध्ये धरतात का? दुसऱ्या विमानावर पाठवल्यास नवा बॉण्ड सुरू होतो का? सूचना-कालावधी किती? काही देशांत नव्या कंपनीत जाण्यासाठी जुन्या कंपनीचे मुक्ततापत्र आणि उड्डाण नोंदी लागतात, आणि चीनमधून बाहेर पडताना याला महिने लागल्याचे अनुभव अनेकांनी सांगितले आहेत.

कंपनी काढणार असेल तर कपातीचा क्रम काय, सूचना न देता काढल्यास किती महिन्यांचे वेतन, आणि परतीचा सामान-खर्च कोणाचा, हे पाहा. २०२० च्या सुरुवातीला चिनी कंपन्यांनी अनेक परदेशी वैमानिकांना बिनपगारी रजेवर पाठवले. तेच वैमानिक जे वर्षभरापूर्वी जगातील सर्वांत महागडे समजले जात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने ५,९०० नोकऱ्या कमी केल्या, कॅथे ड्रॅगन ही उपकंपनी बंद केली आणि राहिलेल्या वैमानिकांपुढे कमी पगाराचे नवे करार ठेवले. निवासी बेस, जुनी आणि प्रतिष्ठित कंपनी, सगळे असूनही हे घडले. कंपनी बुडण्याची शक्यताही काल्पनिक नाही: मोनार्क आणि एअर बर्लिन २०१७ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये थांबली.

वैद्यकीय प्रमाणपत्र गेल्यास कंपनीचा विमा किती रक्कम देतो, मानसिक आजार त्यात येतो का, आणि तो विमा नोकरी सोडल्यावर चालू राहतो का, हे विचारा. मी स्वतःचा स्वतंत्र विमा मायदेशी घेतला होता आणि चाळिशीनंतर तो घेणे किती महाग झाले असते ते पुढे कळले.

कर्जाबाबत एक स्पष्ट सूचना. यजमान देशात मोठे वैयक्तिक कर्ज किंवा वाहनकर्ज घेऊ नका. अखेरचा पगार जमा होताच बँक खाते गोठवते आणि थकबाकीमुळे देश सोडण्यावर बंदी येऊ शकते, हे आखाती देशांत वारंवार घडलेले आहे. नोकरी गेलेल्या माणसाजवळ वेळ आणि पैसा दोन्ही कमी असतात. किमान सहा महिन्यांचा घरखर्च मायदेशातील किंवा तिसऱ्या देशातील खात्यात ठेवूनच तिथली राहणी ठरवावी. मोठे घर आणि दोन गाड्या पहिल्या वर्षी घेतल्या की तिसऱ्या वर्षी न पटणारी नोकरीही सोडवत नाही.

सही करण्यापूर्वी आणि नंतर

तोंडी आश्वासन लेखी मागा. ‘कमांड तीन वर्षांत मिळते’, ‘शाळेचे शुल्क पूर्ण देतो’, ‘बेस बदलून मिळतो’ यांपैकी जे वाक्य ई-मेलवर लिहून द्यायला भरती अधिकारी कचरतो, ते हिशेबातून वगळा. त्या देशातील कामगार कायद्याच्या वकिलाकडून करार एकदा वाचून घेण्याचा खर्च बॉण्डच्या तुलनेत अगदी लहान असतो. जुन्या नोकरीचा राजीनामा मात्र वैद्यकीय तपासणी, लायसन्सची पडताळणी, पार्श्वभूमी तपासणी आणि व्हिसा या चारही गोष्टी लेखी मंजूर झाल्यावरच द्यावा. मूळ लायसन्स देणाऱ्या प्राधिकरणाकडून येणाऱ्या पडताळणी पत्राला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करा.

रुजू झाल्यावर पहिल्याच दिवसापासून एक स्वतंत्र फाइल ठेवा. करार आणि त्यातील प्रत्येक बदल, रोस्टरच्या प्रती, पगारपत्रके, प्रशिक्षण आणि सिम्युलेटर चेकचे अहवाल, वैद्यकीय कागद यांच्या प्रती कंपनीच्या संगणकावर नव्हे, तर स्वतःजवळ असाव्यात, कारण नोकरी संपते त्या दिवशी कंपनीच्या प्रणालीत शिरण्याचा मार्ग त्याच तासाला बंद होतो. लॉगबुकवर दर सहा महिन्यांनी कंपनीचा सही-शिक्का घ्या. मायदेशचे लायसन्स आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, खर्च वाटला तरी, चालू ठेवा. दरवर्षी रुजू झाल्याच्या तारखेला तिसऱ्या पायरीतील तक्ता नव्या आकड्यांनी पुन्हा भरा, त्याच्या शेजारी बॉण्डची शिल्लक आणि बचत लिहा, आणि तो कागद जोडीदारासमोर ठेवून राहायचे की निघायचे याची चर्चा करा.